क्वार्टरमागचा फणस

फणसाची आठळी ताजी असतानाच लावावी लागते, हे मला माहीत नव्हतं. मुरबाड तालुक्यात जन्म गेला, पण फणस खायचा, आठळ्या चुलीत भाजायच्या किंवा भाजीत टाकायच्या, एवढाच त्याच्याशी संबंध.

नव्वदीच्या दशकाची सुरुवात असेल. शेजारच्या तालुक्यात, शेणव्याच्या पुढे आत एका गावातल्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स म्हणून लागले होते. दोन खोल्यांचं उपकेंद्र, त्याला चिकटून माझं दोन खोल्यांचं क्वार्टर. वरच्या पाड्यावर एका बाईचं पहिलं बाळंतपण झालं, मूल उलटं होतं पण सुखरूप आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईचा सासरा खांद्यावर फणस घेऊन दारात उभा राहिला. उपकेंद्रात मदतीला एक मावशी होती, त्याच पाड्यावरची, पन्नाशीला आलेली. तिने तो फोडला. मी, मावशी आणि माझी दोन वर्षांची लेक, तिघींनी ओटीवर बसून खाल्ला. इतका गोड फणस मी तोवर खाल्ला नव्हता. मूठभर आठळ्या मी डब्यात जपून ठेवल्या आणि तीन आठवड्यांनी, फुरसत मिळाल्यावर, क्वार्टरमागे खुपसल्या. एकही उगवली नाही.

मावशी हसली. "सुकली ना गो बाय ती. ती काय भाताचं बी हाय, कणगीत ठेवून लावाया?"

पुढच्या मोसमात तिनेच त्याच झाडाच्या आठळ्या पदरात बांधून आणल्या, अजून ओल्या, बुळबुळीत. मी म्हटलं, "पिशवीत लावते, मग बघू कुठे हलवायचं ते."

"पिशवीत नको. ह्याचं मूळ सरळ खाली जातं. हलवलं का रुसतं. जिथं ऱ्हायाचं तिथंच लाव."

जिथं राहायचं तिथं. मला तर तिथे राहायचंच नव्हतं. माझं घर वैशाखऱ्याला. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करायचा आणि उरलेल्या वेळात भातशेती बघायचा. सासूबाई घरी. नोकरी लागली तेव्हाच ठरलं होतं, दोन वर्षं काढायची आणि मुरबाड तालुक्यात बदली मागायची. म्हणून मी क्वार्टरला धड पडदेसुद्धा लावले नव्हते. कपडे पेटीतच ठेवायचे. तरीही न्हाणीचं पाणी जिथून बाहेर जायचं तिथे खड्डा केला, शेणखत घातलं आणि तीन आठळ्या लावल्या. तिन्ही उगवल्या. जोमदार होतं ते ठेवलं, बाकीची दोन मावशीने उपटली.

नवरा महिन्यातून एकदा यायचा. रोप बघून म्हणाला, "सरकारी जागेत फणस? तू बदली मागतेस ना?"

"मागतेच की."

"मग खाणार कोण?"

"मावशी खाईल," मी म्हटलं.

लेक पाच वर्षांची झाली तेव्हा तिला वैशाखऱ्याच्या शाळेत घातलं. माझ्याकडे कधीही बोलावणं यायचं, कधी मावशीला बरोबर न्यावं लागायचं, मग पोर शेजारच्या घरी. सासूबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती गेली आणि माझं बसणं-उठणंच बिघडलं. शनिवारी काम संपलं की शेणव्याला चालत यायचं, तिथून किन्हवली, किन्हवलीहून सरळगाव, सरळगावला माळशेजकडे जाणारी एसटी. तीन गाड्या. रविवारी संध्याकाळी तेच उलटं. तिकडे असले की इकडचं आठवायचं, अमकीचा आठवा महिना लागलाय, तमकीच्या पायावर सूज होती. इकडे आले की लेकीने आज डबा खाल्ला असेल का. कुठेच जीव टिकेना. संध्याकाळचे दोन तास सगळ्यात वाईट. भात एकटीसाठी किती लावायचा तेही कळायचं नाही. मग मी मागे जाऊन फणसाचं आळं उकरायची, गरज नसताना.

"मूळ दुखतंय त्याचं," मावशी ओरडायची. "बस जरा!"

बसवत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी शेळीने त्याचा शेंडा खाल्ला. फणसाचा पाला म्हणजे शेळ्यांना खाऊच. कुंपणाच्या काट्या कुणीतरी सरपणाला नेल्या होत्या आणि मी लसीकरणाला बाहेर. परत आले तर नुसता दांडा उभा. मी त्या शेळीमागे पाड्याच्या वाटेपर्यंत धावले, अंगावर पांढरी साडी, हातात चप्पल. लोक बघत होते. परत येऊन पायरीवर बसले आणि रडले. झाडासाठी एवढं रडतात का, असं मावशीच्या तोंडावर दिसत होतं. दांड्यावर नख घासून तिने हिरवं दाखवलं. पावसाळ्यात खालून दोन फुटवे आले, दोन्ही सारखेच. एक ठेवायचा, एक काढायचा. विळा घेऊन मी दोन दिवस नुसती उभी राहत होते. शेवटी मावशीने माझ्या हातातून विळा घेतला आणि एका झटक्यात काम केलं.

उन्हाळ्यात पाण्याची ओढ असायची. एप्रिल लागला की गावची विहीर तळाला जायची आणि बायका ओहोळातल्या झऱ्यावर वाटीने हंडा भरायच्या. एकदा मी भरून आणलेल्या कळशीतलं पाणी झाडाला ओतताना एका बाईने पाहिलं. झऱ्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "शिस्टर, आमची पोरं घसा सुकून बसतात न् तुमचं झाड आंघोळ करतं." मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही. त्या दिवसापासून फणसाला चांगलं पाणी घातलं नाही. माझ्या आंघोळीचं, तांदूळ धुतलेलं, एवढंच. मावशीने एक फुटकं मडकं आणलं, त्याच्या भोकात चिंधी कोंबली आणि बुंध्याशी पुरलं. त्यात दोन दिवसांनी तांब्याभर पाणी ओतलं की पुरायचं. झाड त्यावर जगलं.

सहाव्या वर्षी बुंध्यावर भुसा दिसला. खोडकिडा. भोक करवंदाएवढं, आत किती खोल कुणास ठाऊक. आमच्याकडे तेव्हा उकळून वापरायच्या काचेच्या सिरिंज असायच्या. एक टवका उडालेली बाजूला काढली होती. तिच्यात रॉकेल भरून मी भोकात सोडलं, कापसाचा बोळा कोंबला आणि वरून चिखल लिंपला. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"आता झाडालाही सुई?"

"मग काय! रडत तरी नाय."

आम्ही दोघी खूप हसलो. त्या गावातले असे हसण्याचे दिवस आठवले की मला अजून कळत नाही, मी तिथे दुःखी होते की नव्हते.

सातव्या वर्षी, पौषात, फांद्यांवर बोटाएवढी फुलं आली. मी रोज मोजायची. लेकीला जाऊन सांगितलं, यंदा आपला फणस. महिनाभरात ती काळी पडली आणि टपाटप गळली. मला वाटलं कीड परत आली. मावशीने एक उचलून चुरगाळलं. "हे नर हायत गो. पहिल्या साली नरच येतात. मादी येईल, धीर धर." पण पुढच्या सालीही नुसते नरच आले, भरपूर, आणि तेही गळले.

त्याच मे महिन्यात माझी बदली झाली.

आठ वर्षं मागत होते. वैशाखऱ्यापासून पायी जाता येईल असं उपकेंद्र मिळालं होतं. ऑर्डर हातात घेतली आणि आनंद होईल म्हणून थांबले. झाला नाही. क्वार्टरवर येऊन पेटी उघडली, बंद केली. मागे गेले. झाड आता माझ्या दुप्पट उंच होतं. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "जा बाय. पोर तुझी वाट बघते." थोड्या वेळाने म्हणाली, "पुढल्या साली मात्र धरंल हां. खोडाला फुगवटे दिसतात."

मी तालुक्याच्या ऑफिसात गेले आणि एक वर्ष थांबण्याचा अर्ज दिला.

तिथले क्लार्क चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, लोक बदलीसाठी इथे रडतात. तुमचं काय?"

"जोखमीच्या केसेस आहेत. तीन जणी. मध्येच सोडून कसं जायचं?"

केसेस खऱ्या होत्या. कारण ते नव्हतं. कारण नक्की काय होतं ते मला तेव्हा स्वतःलाही सांगता आलं नसतं. फणस होता. मावशी होती. आणि हेही होतं, की त्या गावात मी बाहेर पडले की बायका दारात येऊन "शिस्टर, चहा घ्या" म्हणायच्या, आणि वैशाखऱ्याला मी रविवारी येणारी सून होते, जिला कांद्याची टोपली कुठे ठेवलीय तेही विचारावं लागायचं. तिथे कायमचं जायची मला भीती वाटत होती. एवढी वर्षं ज्यासाठी तळमळले त्याचीच भीती.

रविवारी घरी गेले. नवरा अंगणात दोरखंड वळत होता. "बदल्यांची यादी लागली म्हणे?"

"लागली. माझं नाव नाय."

त्याने दोर बाजूला टाकला. लेक जवळच गणितं सोडवत होती. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि आत गेली. मी मागून गेले तर ती कपाटासमोर उभी. मधला खण तिने पूर्ण रिकामा केला होता. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं, कडा नीट दुमडलेल्या.

"तुझ्या साड्यांसाठी केला होता," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी ठेव."

मी खोटं बोलले होते आणि ते परत घ्यायला तो एक क्षण होता. मी घेतलं नाही.

ते वर्ष कसं गेलं ते लिहायला बसले की आताही हात थांबतो. प्रत्येक रविवारी तो खण रिकामा दिसायचा. गाडीत बसले की पाय हलत राहायचे. कुणी ऑफिसातलं माणूस दिसलं की मी वाट बदलायची. इकडे आले की सगळा राग झाडावर. खत घाल, आळं बांध, वाळक्या फांद्या काढ. मावशीला मी काही सांगितलं नव्हतं, तिला वाटत होतं ऑर्डरच रद्द झाली. पण ती बघत असायची.

पौष सरला आणि खोडातून, अगदी माझ्या कमरेच्या उंचीवर, तीन मादी फुलं बाहेर आली. तिन्ही टिकली. मुठीएवढी झाली, मग नारळाएवढी. माकडांच्या भीतीने मी त्यांना पोती बांधली. सकाळ-संध्याकाळ पोतं सोडून बघायची, टिचकी मारायची. आता मला हे झाड लेकीला द्यायचं होतं. एकदा तिने फणस खाल्ला की सगळं नीट होईल, असं काहीतरी मनाने घेतलं होतं.

मेच्या मध्यावर टिचकीचा आवाज बदलला, देठाजवळचं पान पिवळं झालं आणि वास सुटला. मावशी आणि मी मिळून पहिला फणस उतरवला. कापा की बरका, ते फोडल्याशिवाय कळत नाही. तो न फोडताच पोत्यात घालून मी शनिवारी निघाले. तीन गाड्या बदलत, मांडीवर पोतं. सगळी गाडी दरवळत होती. एक बाई म्हणाली, "ताई, उतरायच्या आधी दोन गरे द्या हां." मला खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

घरी पोचले तर नवरा अंगणातच होता. पोतं उतरवून घेतलं, कोयत्याला नि हाताला तेल लावलं आणि फणस उभा चिरला. बरका निघाला. रसाळ, मऊ, बोटांतून निसटणारा. सासूबाईंनी परात पुढे केली. लेक उकिडवी बसली आणि पहिला गरा तिने तोंडात टाकला.

नवरा मान खाली घालूनच म्हणाला, "गेल्या साली यादीत तुझं नाव होतं ना?"

त्या आठवड्यात आमच्या भागातला एक आरोग्य कर्मचारी डासांची पावडर फवारायला वैशाखऱ्याला आला होता. तो सहज बोलून गेला होता, वहिनींनी आलेली बदली थांबवली म्हणून.

"होतं," मी म्हटलं.

कोयता चालतच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "आधी गरे काढून घ्या. मग काय बोलायचं ते बोला."

पण लेक थांबली नाही. "म्हणजे तू येऊ शकत होतीस?"

"हो."

"मग का नाय आलीस?"

मला म्हणायचं होतं ते किती तरी होतं. तोंडातून निघालं, "झाडाला यंदा फणस धरणार होते."

ते वाक्य अंगणात पडलं आणि मला स्वतःचीच शरम वाटली. लेक उठली. मोरीवर जाऊन हात धुवायला लागली. चीक पाण्याने जात नाही, उलट पसरतो. ती साबण घासत होती, घासतच होती. मी खोबरेल घेऊन गेले आणि तिचे हात हातात घेतले. तिने घेऊ दिले. एकेक बोट चोळून मी चीक काढला. तेवढा सगळा वेळ ती भिंतीकडे बघत होती.

नवरा दोन दिवस कारखान्यातून परस्पर शेतावर जात होता. मी रजा टाकून राहिले होते. तिसऱ्या दिवशी शेतावर भाताच्या रोपासाठी पालापाचोळ्याचा राब भाजत होतो तेव्हा त्याने विचारलं, "मला सांगितलं असतंस तर मी नाय म्हटलं असतं का?"

"म्हटलं असतं."

तो काठीने राख सारखी करत राहिला. मग म्हणाला, "हां. म्हटलं असतं." आणि थोड्या वेळाने, "तरी सांगायचं होतंस."

मी लगेच पुन्हा अर्ज केला. पण एकदा नको म्हटलेली गोष्ट मागितल्याबरोबर मिळत नाही. आणखी एक वर्ष गेलं. वैशाखऱ्याला कायमची आले तेव्हा लेक तेरा वर्षांची झाली होती. मधल्या खणात आता तिची पुस्तकं होती. मी साड्या पलंगाखालच्या पेटीत ठेवल्या. तिने खण रिकामा करू का, असं विचारलं नाही आणि मी मागितला नाही. आम्ही भांडलो नाही कधी. ती मला सगळं सांगायची, शाळेतलं, मैत्रिणींचं, पण सांगताना अंतर ठेवायची, पाहुण्यांना सांगतात तसं. मी तिच्या वेण्या घालायला जायची तर म्हणायची, "आजी घालते."

बारावीची परीक्षा झाली त्या वर्षी, जूनमध्ये, एका सकाळी ती अचानक म्हणाली, "मला ते झाड बघायचंय."

आम्ही दोघी गेलो. त्याच तीन गाड्या. उपकेंद्राला नवा रंग होता, नवी सिस्टर होती. तिने चहा केला आणि मागे जायला सांगितलं. फणस ओळखू येईना. बुंधा माझ्या कवेत जेमतेम मावला असता, फांद्या क्वार्टरच्या पत्र्यावर आलेल्या. मोसम सरत आला होता. एक फणस वरून पडून फुटला होता, त्यावर माश्या.

मावशी पाड्यावरून काठी टेकत खाली आली. तिला आता नीट दिसत नव्हतं. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"एवढी झालीस? तू गेलीस न् तवा तुझी आय सोमवारी कोनाशी बोलायची नाय. दिवसभर नाय. आमाला वाटायचं कोन मेलं काय हिचं. नुसती इथं हे उकरत बसायची."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी फुटलेल्या फणसाकडे बघत होते.

मावशीने आत्ताच वरच्या घरून आणलेले दोन लहान कच्चे फणस भाजीसाठी पिशवीत घातले आणि आम्ही निघालो. सरळगावच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभ्या होतो तेव्हा लेक म्हणाली, "मावशीने सांगितलं ते तू का नाय सांगितलंस मला कधी?"

"लहान होतीस तू."

"नंतर?"

"नंतर कसं सांगायचं ते कळलं नाय." माझ्या हातातली पिशवी तिने घेतली, जड होती म्हणून असेल, आणि माळशेजकडे जाणारी एक गाडी न थांबता निघून गेली. आमची अजून यायची होती.